कुंडातला भात

काळ्या मिठाचा वास आला की डोंगरखोऱ्यातलं ते गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड आठवतं. पावसाळा होता आणि पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई एकही जिना उतरली नव्हती. तांदळाची पुरचुंडी कुंडात सोडून भात शिजवायचा तिथला रिवाज. छत्री, काठी, कोरडे कपडे घेऊन मी तयारच होते. "दे, मी सोडते." "माझा भात मीच शिजवणार. तू स्वल्प बाजूला हो," आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत आई पहिल्या पायरीवर बसली आणि बसूनच एकेक पायरी उतरू लागली. साडी चिखलात माखली. "अक्का, लोक बघतायत!" सोबत आलेला मामा ओरडला. "बघू देत. भात नाही मिळणार त्यांना." आज जयनगरच्या घरात, वरच्या मजल्यावर, ऑपरेशननंतर माझाही गुडघा बांधलेला आहे. "आई, उतरू नकोस, काळं मीठ घातलेलं ताक वर आणते," खालून मुलगी म्हणाली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.