झांबेताची गादी आणि थिमिओसचं दार

आमच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप पाद्र्याकडे जात नाही, झांबेतावहिनीकडे जातो. पाद्री सावकाश येतो, जेवण उरकून येतो. वहिनी मात्र हाताचं पीठ पदराला पुसत तशीच निघते. गेलेल्याला वाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं, धुतलेले कपडे घालायचे, हात छातीवर जुळवायचे, पाय दाराकडे करायचे. हे सगळं झालं की ती मागे वळून घरच्यांना सांगते, "हं, आता रडा." तोवर कुणाची रडायची छाती होत नाही.

लग्नाआधी नवरानवरीचा पलंगही तीच सजवते. चादर ताणून घालायची, वर तांदूळ नि बदामाच्या गोळ्या उधळायच्या आणि गावातलं एखादं गुटगुटीत पोर त्यावर लोळवायचं, म्हणजे घरात पोरंबाळं होतात. माझ्या थोरलीच्या लग्नात तिनं गिरणीवाल्याचा नातू लोळवला. त्यानं नव्या रेशमी चादरीवर मुतून ठेवलं. माझी बायको कपाळाला हात लावून बसली. वहिनी शांतपणे म्हणाली, "याहून चांगला शकुन नाही." आणि ऐका, वर्षाच्या आत जुळी झाली. तेव्हापासून लोक लग्न ठरलं की पोराला आधी पाणी पाजून आणायला लागले.

तर असं, जाणाऱ्याचं नि येणाऱ्याचं, दोघांचंही अंथरूण घालणारी ही बाई. आणि बिघडलं ते तिचंच अंथरूण.

तिची गादी माहेरून आलेली, लोकरीची. तिच्या वडिलांच्या मेंढ्यांची लोकर, आईच्या हातची शिवण. दर उन्हाळ्यात वहिनी ती उसवायची, लोकर ओढ्यावर धुवायची, खडकांवर वाळवायची, काठीनं झोडपून मऊ करायची आणि दाभणानं पुन्हा शिवायची. पण बोटं वाकली, तसं हे काम राहिलं. लोकरीचे गठ्ठे झाले. तिचा नवरा थिमिओस म्हणायचा, "गादी कसली, बटाट्याचं पोतं आहे. रात्री कूस बदलली की बटाटेही बदलतात." वहिनीची कंबर धरली ती धरलीच. नाताळानंतर तिनं खोलीत निजणंच सोडलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ बाकडं आहे, त्यावर पाठीशी उशा लावून अर्धवट बसून रात्र काढायची.

थिमिओस गवंडी माणूस. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्याच्या. बोलायला मात्र दगडासारखा. ईस्टर होऊन गेल्यावर एके सकाळी कॉफीच्या दुकानात माझ्याजवळ येऊन बसला. कॉफी आली, थंड झाली. शेवटी म्हणाला, "झिसी, तुझी गाडी चालू आहे का?"

"उतारावर आहे," मी म्हटलं.

"मग झालं तर. उतारावरच जायचंय. खाली त्रिकाला शहरात, गादी बघायला."

"आणि येताना चढ?"

"येताना गादी असेल ना. ढकलून दमलो तर निजू वर." मग कपातल्या गाळाकडे बघत राहिला. "खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येते रे. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. हिच्या घोरण्याखाली दबलेली असायची. आता ऐकत पडून राहतो. तिला खोलीत परत आणायचंय, बस."

मला जरा गलबललं. म्हणून मी म्हटलं, "पेट्रोल तुझं."

वहिनी सहजासहजी हलणारी नव्हे. "आईच्या हातची गादी टाकून स्प्रिंगांवर निजू? कोंबडीसारखी उडत?" पण आठवडी बाजाराचा दिवस होता, तिला टोमॅटोची रोपं हवी होती. "नुसतं बघू गं, बघायला काय लागतं," असं म्हणून थिमिओसनं तिला गाडीत बसवलं. रोपं घेतली, आणि रोपांची पेटी मांडीवर घेऊनच ती गादीच्या दुकानात शिरली.

दुकान मोठं, पुढं सगळी काच. पलंग ओळीनं मांडलेले, पांढरेशुभ्र. विकायला एक तरतरीत मुलगी होती. ती काही बोलण्याआधीच वहिनीनं विचारलं, "तू कुणाची गं?"

"मी वाया. आई इथलीच, बाबा पलीकडच्या डोंगरातले."

"कुणाचे म्हणजे कुणाचे?"

मुलीनं आजोबांचं नाव सांगितलं. वहिनीनं मान डोलावली. "त्यांच्या बकऱ्या आमच्या कुरणात घुसायच्या. असू दे. तू चांगली दिसतेस."

एवढी ओळख पटल्यावर वाटलं, आता काम फत्ते. वाया म्हणाली, "आजी, चपला काढा आणि बिनधास्त आडव्या व्हा. गादी हातानं कळत नाही, पाठीनं कळते."

वहिनीनं पहिल्या गादीवर मूठ दाबली. "मऊ आहे." दुसरीवर दाबली. "टणक आहे." तिसरीच्या काठावर टेकली आणि तवा लागल्यासारखी उठली. "हिला वास येतो." चौथीचा रंग डोळ्यांत जातो म्हणाली. रंग पांढरा होता. आडवं व्हायचं नाव नाही.

"अगं, पाठ टेकव ना जरा," थिमिओस म्हणाला.

"लोकांसमोर? बाजारात?"

"पडदा लावते हवं तर," वाया म्हणाली.

"पडद्याआड निजायला मी काय नवी नवरी आहे?"

दुकानाचा मालक, पोट सांभाळत चालणारा भला माणूस, मदतीला आला. त्यानं स्प्रिंगांची महती सांगितली, आतला कापूस दाखवला. वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती सारखी पलंगाकडून काचेच्या दाराकडे आणि दाराकडून पलंगाकडे बघत होती. मला वाटलं, रोपांना ऊन लागतंय म्हणून जीव वर-खाली होतोय. मी पेटी उचलून सावलीत ठेवली. तरी तेच.

थिमिओसचा चेहरा उतरला. मी त्याला ओळखतो, कोपऱ्याचा दगड तिसऱ्यांदा बसला नाही की असा दिसतो. त्यानं बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं. मधल्या एका पलंगावर चढला, उताणा पडला, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. "बघ," म्हणाला, "कसं स्वर्गात गेल्यासारखं वाटतंय."

वहिनी अशी किंचाळली, की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबला.

"ऊठ! थिमिओस, ऊठ आधी तिथून!" तिनं त्याचा पाय धरून ओढला, थू थू थू केलं, छातीवर क्रूस काढला, पुन्हा ओढला. तो बिचारा मोज्यावर उभा. "काय झालं? चावलं काय मला?"

"पाय कुठे होते तुझे?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. पाय दाराकडे. त्या दुकानात झाडून सगळ्या पलंगांचे पाय दाराकडे, रस्त्यावरून जाणाऱ्याला उशा नीट दिसाव्यात म्हणून.

"अख्खा गाव असा निजवलाय मी," वहिनी म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "तुझ्या आईला, माझ्या भावाला. हात असेच छातीवर. तुला असं बघायचं नाहीये मला. मोज्याला भोक असताना तर नाहीच."

वाया हळूच म्हणाली, "माझी आजीपण माझा पलंग फिरवायला लावते. मालक, धरा जरा त्या बाजूनं."

मालक, वाया, थिमिओस आणि मी, चौघांनी मिळून तो पलंग फिरवला. शेजारचे दोन त्यासाठी सरकवावे लागले. उशी दाराकडे, पाय भिंतीकडे. वहिनीनं सगळं तपासलं, चपला जोडून खाली ठेवल्या, पिशवी पोटावर घेतली आणि आडवी झाली.

आम्ही वाट बघत उभे. "कसं वाटतंय, आजी?" वायानं विचारलं. मग वाकून बघितलं. वहिनी झोपली होती. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं, आधी हलकं, मग आपल्या मूळच्या पट्टीत. थिमिओस शेजारच्या पलंगाच्या काठावर बसला आणि रेडिओवर आवडतं गाणं लागावं तसा ऐकत राहिला. मालकानं आमच्यासाठी कॉफी मागवली. एक जोडपं गादी बघायला आत आलं, त्यांनी वहिनीकडे बघितलं, आणि बाईनं नवऱ्याला सांगितलं, "आपल्याला हीच."

जागी झाल्यावर वहिनीनं केस सारखे केले. "मी डोळे मिटून विचार करत होते," म्हणाली. "ही बरी आहे."

खाली लाकडी पट्ट्यांचा पलंग घ्यावा लागेल, जुन्या सपाट फळ्यांवर गादीला हवा मिळत नाही, असं वाया म्हणाली. तो जुना पलंग थिमिओसनंच बनवलेला, तेव्हा तो थोडा घुश्शात आला. पण वहिनीची कंबर पुढं होती. खोलीचं माप त्यानं सुतळीला गाठी मारून आणलं होतं. गाठी लावून बघितल्या, मावतोय. घेऊन टाकला. चढावर गाडी दोनदाच ढकलली.

आता गंमत ऐका. सुतळी लांबी सांगते, पाय कुठे येतील ते सांगत नाही. जुना पलंग आखूड होता, खिडकीखाली आडवा, धुराडं आणि भिंतीतलं कपाट यांच्या बेचक्यात बसायचा. नवा वीतभर लांब. तिथं काही केल्या बसेना. बसेल तर एकाच ठिकाणी, मागच्या भिंतीला उशी आणि पाय थेट खोलीच्या एकुलत्या एक, अंगणाच्या दाराकडे. उलटा ठेवावा तर दार आत उघडतं, रोज सकाळी डोक्यात.

वहिनी उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. मग स्वयंपाकघरात गेली आणि बाकड्यावर उशा लावायला लागली.

थिमिओस अंगणात माझ्याशेजारी येऊन बसला. मी त्सिपुरो दारूचा एक पेला त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, "दुकानात नेऊन बदलून आणू. आखूड असेल एखादा."

"तिला हाच आवडला ना?"

"हाच."

"झोपली होती ना त्यावर?"

"मालकानं सुद्धा ऐकलं."

त्यानं पेला रिकामा केला आणि खोलीच्या भिंतीला हात लावून बघितला, डॉक्टर पोट दाबून बघतो तसा. "पलंग फिरत नाही ना," म्हणाला, "मग दार फिरवू."

गादी प्लास्टिकसकट माझ्या कोठारात येऊन पडली. माझी बायको रोज काही ना काही निमित्त काढून तिच्यावर हात फिरवून यायची. तिकडं थिमिओसनं छिन्नी-हातोडा काढला. स्वयंपाकघराकडच्या भिंतीत दार फोडलं, वर ओकची तुळई बसवली, आणि निघालेले दगड एकेक उचलून अंगणाच्या जुन्या दारात चिणले. वहिनी म्हणायची, "म्हाताऱ्या, पाठ मोडेल तुझी." तो म्हणायचा, "मोडू दे, नवी गादी आहे." आतल्या गिलाव्यात तिनंही हात लावला. जुन्या गादीची लोकर आम्ही ओढ्यावर नेऊन धुतली, वहिनी खडकावर बसून हुकूम सोडत होती. तिच्या दोन लठ्ठ उशा झाल्या, आईच्या कापडात शिवलेल्या.

पलंग लागला त्या संध्याकाळी वहिनीनं चादर ताणली आणि आमच्या थोरलीच्या जुळ्यांना बोलावलं. ती आता लग्नाच्या वयाची, तरी दोघांना एकेकदा लोळायला लावलं. "पाणी पिऊन आलात का रे?" तिनं विचारलं.

चार-सहा दिवसांनी सकाळी अंडी द्यायला गेलो, तर स्वयंपाकघरातलं बाकडं रिकामं. चूल पेटलेली नव्हती. नव्या दारातून घोरणं येत होतं, एक जाड, एक बारीक. मी अंडी ठेवून निघालो, तेवढ्यात वहिनीला जाग आली.

"भावजी, थांबा, कॉफी करते."

"निजा हो वहिनी. कशी आहे गादी?"

"गादी चांगली आहे. पण त्याहून दार चांगलं आहे." ती पडल्या पडल्याच हसली. "खारोस आला ना जीव न्यायला, तर बापडा अंगणातून जुन्या वाटेनं येईल आणि थिमिओसच्या भिंतीवर डोकं आपटेल."

"मजबूत बांधलीय," पांघरुणातून थिमिओस म्हणाला आणि तिच्याकडे कूस वळवून पुन्हा घोरायला लागला.