विटांवरचा पेंढा

टिटवाळ्यात आमच्या चाळीमागे राहणाऱ्या काकांचा ट्रॅक्टर शेतीच्या नावावर नोंदवलेला आहे, त्यामुळे कर माफ. शेतावर आता इमारती उभ्या राहिल्या आणि ट्रॉलीत विटा असतात. विटांवर ते भाताचा पेंढा पसरतात. पोलीस दिसला की खाली बघत म्हणतात, "शेतीचाच माल हाय, सायेब." त्याच पेंढ्यावर सात बिगारी बायका बसतात. माझी आईही अशीच खडीच्या ट्रॉलीवर बसून कामाला जायची. तिच्या कष्टांवर मी पदवीधर झालो.

कागद वाचून घ्यायला काका माझ्याकडे येतात. खुर्चीत बसत नाहीत, उंबऱ्यात टोपी मुठीत दाबून उभे राहतात. मागच्या आठवड्यात विम्याचा कागद वाचून मी म्हणालो, "काका, ट्रॉलीवर माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा मिळणार नाही."

"आरं बाला, त्या चालत कवा पोचतील?" एवढंच म्हणून ते गेले.

काल सकाळी रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी त्यांचा ट्रॅक्टर उभा दिसला. मी धावत गेलो. सगळ्या बायका रस्त्यावर उभ्या होत्या.

"काका, बंद पडला काय?" एकीने विचारलं.

"नाय गं. चढ हाय. चालत या."

ते एकटेच निघाले. चढाच्या मध्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली गेली आणि परत टेकली. माथ्यावर थांबून त्यांनी घाम पुसला. बायका हसत पोचल्या, पुन्हा पेंढ्यावर चढल्या.

पुढे उतार होता, आणि मागून रेटणाऱ्या विटा.