भिंत हातभर बाहेर

त्या चर्चच्या पायाचे दगड गवंड्याच्या आजोबांनी बसवले, घंटेचा मनोरा वडिलांनी चढवला. त्याच्या स्वतःच्या वाट्याला आली ती डागडुजी. कधी गळकं छप्पर, कधी पोपडे धरलेला गिलावा. नव्या फादरनी दफनभूमी वाढवायला काढली, तेव्हा कुठे त्याला तिथे अख्खी भिंत बांधायला मिळाली.

पण दोरी ताणली आणि तो खुंटीपाशीच थबकला. जुन्या भिंतीपलीकडे, ओढ्याच्या अंगाला, त्याचं पहिलं बाळ पुरलेलं होतं. जन्मून घटकाभरात गेलं, बाप्तिस्मा राहिला. बाप्तिस्मा नाही तर आत जागा नाही, असं तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी सांगितलं, आणि त्यानं बाहेर आपल्या हातानं खड्डा खणला. आता नवी दोरीही त्या जागेच्या अलीकडूनच जात होती.

त्यानं खुंटी उपटून हातभर पलीकडे ठोकली. हाताखालचा मेहुणा हसला.

"भावोजी, दोरी ढिली झाली की डोळे? भिंतीला पोट सुटेल."

"सुटू दे."

मेहुण्यानं ओढ्याकडे पाहिलं. मग पुढची खुंटी त्यानंच उपटली.

दुपारी फादर काम बघायला आले. भिंत वाकडी का, ते गवंड्यानं खाली बघतच सांगितलं.

"घ्या की आत. आता तसा भेद कुणी करत नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आम्हाला कुणी बोललं नाही," गवंडी म्हणाला आणि सिमेंटचा मसाला कालवायला वळला.

भिंत पुरी झाल्यावर फादर नव्या जमिनीवर पवित्र पाणी शिंपडायला आले. गवंड्याची बायको आजवर रविवारची मिस्सा संपली की वळसा घालून ओढ्याकडे जायची. आज ती फाटकातून आली आणि अवघडून उभी राहिली.

फादरनी पुस्तक उघडलं. "बाळाचं नाव?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव बाप्तिस्म्याला ठेवायचं. घरात कधी विषय निघालाच तर ते 'ते' एवढंच म्हणत.

"नाही ठेवलं," ती म्हणाली.

"मग आज ठेवू या. सुचवा एखादं."

तिचे ओठ हलले. गवंडी वाट बघत राहिला.

"त्याच्यासाठी ठरवलं होतं एक," ती शेवटी म्हणाली. "ते धाकट्याला दिलं."

 फादर नावाची जागा सोडून पुढचं वाचू लागले.