कॉलरवरचा स्टिकर

अमेरिकेतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची शाळा दिसते. निवडणुकीत तिथे मतदान असतं. मत दिलेली माणसं कॉलरवर गोल स्टिकर लावून मिरवत बाहेर पडतात. इतकी वर्षं मी आणि नवरा ते चहा पीत बघत आलो. दोघांकडेही ग्रीन कार्ड. घर घ्या, कर भरा, मुलं वाढवा. मत मात्र द्यायचं नाही. "कार्डवाल्याला देश राहू देतो, नागरिकाला विचारतो," नवरा हसून म्हणायचा. "नागरिक व्हायचं तर दोघांनी मिळून. एकट्याने भारताचा पासपोर्ट सोडायचा नाही," हेही त्याचंच.

आज चहा उकळत ठेवून मी खिडकीशी उभी होते. दूध आणायला गेलेला नवरा शाळेच्या दारातून बाहेर आला. कॉलरवर स्टिकर होता. रस्ता ओलांडता ओलांडता त्याने तो काढून खिशात टाकला.

त्याने दूध ओट्यावर ठेवलं, तेव्हा मी विचारलं, "नागरिकत्वाची शपथ कधी घेतलीस?"

त्याचा हात खिशाकडे गेला. "तुला विचारलं असतं, तर तू नाहीच म्हणाली असतीस."

चहा उकळून कडू झाला होता. या घरात तरी मी स्वतःला नागरिक समजत होते.