नत्थुजीनं पुरी वाचलेली नोटीस

बेलिफ म्हनजे कोर्टाचा मानूस, घरोघरी नोटिसा पोचवनारा. असा एक बेलिफ माया घरापुढं रक्तबंबाळ होईपर्यंत मार खाऊन गेला, आन् मी आतून त्यालेच शिव्या देऊन राहिली होती. त्याचं नाव नत्थुजी. त्याची गोष्ट सांगते, पन मधात कोनी बोलू नका. मायं टकुरं लवकर तापते.

मी नीलम, अंजनगाव सुर्जीची. नवऱ्यानं टाकलं तवापासून बापाच्या घरी राहून ब्लाउज शिवते. बाप पुंजाजी शाळेत चपराशी होता. शेवटी अंथरुनाले खिळला, त्याचं हागनं-मुतनं सारं म्या काढलं. भाऊ धर्मेंद्र तिकडं अमरावतीले, राजापेठेत मोबाईलचं दुकान टाकून बसला होता. बाप मेला तवा आला, चारचौघात हंबरडा फोडला, आन् पुण्यानुमोदनाचं जेवन झाल्याबरोबर म्हने, "नीलम, घराच्या हक्कसोड कागदावर सही करून दे. बहिनी देतच असतात, मी तुले चांगली साडी घेतो."

"सही देली तं मंग राहू कुठी?" म्या म्हनलं. "तुया डोक्शावर? का साडीत?"

ते झोंबलं त्याले. त्यानं सरळ कोर्टात अर्ज टाकला का बापाचा वारस मी एकटा, मले तसं प्रमानपत्र द्या. मायं नाव रेशन कार्डावर होतं म्हनून ते लपवता नाही आलं. मंग त्यानं लिहून देलं का बहीन घर सोडून सुरतेले गेली, तिचा पत्ता लागत नाही. कोर्ट म्हने, बरं, शेवटच्या पत्त्यावर नोटीस लावा. तारखेले बहीन आली नाही तं कागद त्याच्या नावाचा, घर त्याचं, आन् मी रस्त्यावर. आन् मले यातलं रत्तीभर मालूम नव्हतं.

नोटीस लागनार हे त्याले वकिलाकडून समजलं होतं. त्या सकाळी तो येऊन धडकला. मोबाईल हिसकला आन् केस धरून मले बाजूच्या खोलीत ओढलं. मी त्याच्या मनगटाले कचकन चावली, तं त्यानं मायं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा नाही, दोनदा. बाहेरून कुलूप लावलं. मी किती वेळ पडून होती, काय मालूम. तोंडात रक्ताची चव होती.

शुद्धीवर आली ते एका आवाजानं. बाप्पा, काय आवाज होता! बुढ्या मानसाचा, पन खनखनीत. खोलीच्या टिनापलीकडं गल्ली आहे, तिथून येऊन राहिला होता.

"दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, अचलपूर! वारस अर्ज क्रमांक एकशे बेचाळीस! मयत पुंजाजी यांच्या वारसांपैकी ज्या कोणास हरकत घ्यावयाची असेल..."

मधातच धर्मेंद्रचा आवाज आला, "ए बुढ्या, चिकटव आन् जाय! भाषन कायले देऊन राहिला?"

"मी नोटीस वाचूनच लावतो, भाऊ," तो मानूस म्हने. "सारेच शिकले नसतात. आन् मधात तोडली तं मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो." फाडकन थापड बसल्याचा आवाज आला, आन् तो खरंच सुरू झाला, "दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, अचलपूर!"

आता मले समजलं का हे मायंच चाललं आहे. म्या टिनावर दोन्ही मुठी हानल्या. "मी इथी आहो! घरात आहो! कुलूप काढा!" बोंबलून गळा फाडला. गल्लीले ऐकू गेलं, कुत्री भुकाले लागली. आन् तो मानूस? तो आपला कागद वाचून राहिला होता! मले असा संताप आला का काय सांगू. एक बाई जीव तोडून बोंबलते आन् हा भैताड तारीख वाचते! "मुडद्या, तुया हात झडो!" म्या आतून म्हनलं.

धर्मेंद्रनं त्याले पाडलं. पडल्याचं ऐकू आलं, लाथा ऐकू आल्या, धपधप, ओल्या पोत्यावर काठी हानल्यासारख्या. आवाज बंद झाला. मंग खोकला. मंग पुन्हा, जमिनीवरून, "दिवाणी न्यायालय... वरिष्ठ स्तर..."

"अबे मर न तू!" धर्मेंद्र वरडला. त्यानं नळाचा पाइप उचलला. हे मले मांगून समजलं, तवा फक्त हाडाचा कडाका ऐकू आला. नत्थुजीचा डावा हात मोडला. गल्लीतले लोक मोबाईल धरून उभे होते, भडवे, एकानंही पाइप नाही धरला. आन् त्या मानसानं पहिल्यापासून सुरू केलं, रडत रडत, दात पडलेल्या तोंडानं. या वेळी पुरी वाचली. एकवीस तारीख, सकाळी अकरा, हरकत नसल्यास एकतर्फी आदेश. सारं पाठ झालं मले. मंग उजव्या हातानं कागद दाराले चिकटवला. पंच म्हनून शेजारच्या खातूनबीनं अंगठा देला, तिच्याशिवाय कोनी पुढं आलं नाही. पोट्ट्यायनं त्याले ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं.

तो गेला तसा धर्मेंद्र कुलूप काढून आत आला, पाइप हातातच. "बोंबलते? बोंबल आता!" पहिला दनका खांद्यावर बसला. म्या कपडा कापाची कात्री उचलली आन् त्याच्या मांडीत खुपसली. खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. त्यानं पुन्हा पाइप उगारला, तं मांगून खातूनबी आली. सत्तरीची बाई, हातात वरवंटा. "हरामी, बहन पे हाथ उठाता!" म्हनत तिनं त्याच्या गुडघ्यावर असा हानला का तो मटकन खाली बसला. मंग लंगडत पयाला. पोलिसायनं त्याले संध्याकाळी परतवाड्याच्या रस्त्यावर पकडलं.

एकवीस तारखेले मी खातूनबीसंग एसटीनं अचलपूरले गेली. डोक्शाले पट्टी, डोया सुजलेला. धर्मेंद्र जमानतीवर सुटून आला होता. त्याचा वकील उठून बोलाले लागला, "साहेब, बहिणीचा ठावठिकाणा..." तेवढ्यात मी उभी झाली. "मी नीलम. अर्ज एकशे बेचाळीस. मायी हरकत आहे." साहेबानं माया तोंडाकडं पाह्यलं आन् लिहून घेतलं. एकतर्फीचं राहून गेलं, निकालापर्यंत घर विकाले मनाई झाली.

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर एक बारका बुढा बसला होता, हात पलास्तरात, ओठाले टाके. एका बाईले तिची तारीख सांगून राहिला होता. तोच आवाज! मायं सारं रक्त डोक्शात चढलं. मी त्याच्यापुढं जाऊन उभी झाली. एवढा मार खाल्ला होता त्यानं, मले दिसत होतं, तरी तोंडातून निघालंच, "काऊन वो बुवा? मी टिनामांगं बोंबलून राहिली होती, एकदाही हाक काऊन नाही देली?"

तो मायं तोंड पाहात राह्यला. मंग कानाजवळ हात नेला. "जोरानं बोला, बाई. तिवस्याले वारसाच्याच नोटिशीपायी एकानं या कानाखाली हानली, तो तवाच गेला. दुसऱ्यात ऐकाची मशीन होती, ती तुमच्या गल्लीत पहिल्याच थापडीत उडाली."

खातूनबीनं त्याच्या कानाशी वाकून सांगतलं, ही नीलम, तिच्याच घराची नोटीस होती, त्या दिवशी ती आत कोंडलेली होती.

नत्थुजीचं तोंड उतरलं. "आत होत्या तुमी?" म्हने. "तुमचा भाऊ म्हने का सुरतेले गेली. मले वाटलं, मी रिकाम्या घराले वाचून राहिलो."

"रिकाम्या घरासाठी हात मोडून घेतला?" म्या वरडून इचारलं. सारा व्हरांडा पाहाले लागला.

"घर रिकामं असलं तं काय झालं," तो म्हने. "नोटीस तं पुरी वाचा लागते न."

मी त्याच्या पायापाशी फरशीवर बसली आन् लहान पोरीसारखी रडली. तो बिचारा घाबरून खातूनबीले इचारून राहिला होता, बाई काय म्हनून राहिली, बाई काय म्हनून राहिली.