वायर धरणारी उजी

रोबोट बनवायला बसलं की घरात भंगार साठतं आणि भंगाराच्या जोडीने किस्से साठतात. भंगार आमच्या सौ. दर दिवाळीला विकून मोकळ्या होतात. किस्से मात्र कोणी नेत नाही! तेव्हा ते तुम्हालाच ऐकावे लागणार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो आणि रविवारी नेरुळच्या एका शाळेत पोरांना रोबोट शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, मलाही तेव्हा बेताचंच येत होतं. गाडीच्या वायपरच्या मोटरी, स्कूटरची बॅटरी, आणि साबणाच्या डबीत बसवलेली दारावरच्या बेलची बटणं हा आमचा रिमोट! टीम तिघांची. बेलापूर गावातली शबाना, सोसायटीतला अनिकेत आणि सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली उज्ज्वला. तिला सगळे उजीच म्हणायचे.

* * *

पहिला रोबोट गॅदरिंगला पाहुण्यांना हार देणार होता. पाहुणे उठले, हात जोडून उभे राहिले. शबानाने बटण दाबलं आणि रोबोट हार घेऊन सरळ उलटा, पडद्यामागे! मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शबानाकडे पाहिलं.

"सर, मी काय करू? त्याला पाहुणे आवडले नाहीत."

* * *

तेव्हाचे रोबोट वायरवर चालायचे. एकाने रिमोट चालवायचा आणि दुसऱ्याने वायर हातात उंच धरून रोबोटच्या मागे मागे पळायचं. वायर चाकात गेली की खेळ खलास. आधी हे काम अनिकेतकडे होतं. पण त्याचं लक्ष प्रेक्षकांत. एकदा रोबोट डावीकडे, हा उजवीकडे, आणि टेबलावरची बॅटरी जमिनीवर!

मग उजीने वायर घेतली. ती कधी गुंतली नाही, ओढली गेली नाही. वळण आलं की शबाना मागे बघायची, उजी मान हलवायची, मगच रोबोट वळायचा. स्पर्धांत इतर टीमवाले हसायचे. हसू देत. मी विचारलं, "उजी, कुठे शिकलीस गं हे?"

"सर, आमच्या घरान जालं गुतलं तं बाप जेवाला बसत नाय. मंग शिकावाच लागतं."

* * *

स्पर्धेला रोबोट बसमधून न्यायचा होता. कंडक्टर दारातच आडवा. "हे काय आणलंय?"

अनिकेत छाती फुगवून म्हणाला, "रोबोट!"

कंडक्टरने रोबोटला खालून वर न्याहाळलं. "बसणार की उभा राहणार?"

उभ्यानेच नेला, काय करता.

* * *

एक दिवस उजीचे वडील शाळेत आले. सुक्या मासळीची पिशवी माझ्या हातात दिली आणि जमिनीवर उकिडवे बसून सगळी प्रॅक्टिस बघितली. मला वाटलं, आता विचारतील, हे कशाला उपयोगी पडतं? बहुतेक पालकांचा तोच प्रश्न. यांनी दुसरंच विचारलं.

"सर, पोरीला यात लय पलावा लागतं का?"

लहानपणच्या तापात उजीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, मुंबईच्या हॉस्पिटलात नंबर लागायचा होता. तोवर पळायचं नाही, दगदग नाही. पोरीने आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी तिला म्हटलं, वायर अनिकेतकडे दे. ती फक्त रडली, आणि वायर सोडली नाही.

* * *

पुढच्या रविवारी रोबोट एकदम गोगलगाय झाला. वायपरच्या मोटरीला दोन स्पीड असतात, हळू आणि जोरात. जोरातवाला स्पीड गायब!

अनिकेत म्हणाला, "सर, जळला."

शबाना म्हणाली, "सर, पूर्ण जळला."

उघडून बघतो तर जोरातच्या स्पीडची वायर कटरने नीट कापलेली, वर चिकटपट्टीसुद्धा लावलेली. मी पट्टी पुन्हा जागच्या जागी लावली आणि म्हटलं, "हो रे, पार जळलाय."

स्पर्धेत आम्ही शेवटून पहिले आलो. बाकीचे रोबोट भरधाव, आणि आमचा आपला वरातीत चालल्यासारखा. पण उजी मागे चालत होती, वायर उंच धरून, शेवटच्या रेषेपर्यंत. तोंडभर हसत होती.

परतताना बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली. पुढे बसलेल्या दोघांकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "सर, मोटर जलली असती तं वास नसता का आला? पन त्यांना सांगू नका हां. त्यांना वाटतं, मना म्हाईत नाय."

* * *

नंबर लागला तेव्हा उजीने वायर गुंडाळून, गाठ मारून, कपाटात ठेवली. अनिकेतला दम दिला, "मी येईपरतं हात लावशील तं बघ!"

ऑपरेशन झालं. उजी त्यातून परत आली नाही.

तिचे वडील शाळेत तिचा दाखला न्यायला आले होते. माझ्यासाठी तेव्हाही पिशवी आणली होती. मी भर व्हरांड्यात रडलो. कपाटातल्या त्या गाठीला कोणी हात लावला नाही.

* * *

वर्षभराने आम्ही पुन्हा स्पर्धेला उतरलो. अनिकेतच्या मामाने गल्फवरून रेडिओवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली होती. तिचा रिमोट बसवला आणि आमचा रोबोट बिनवायरचा झाला! जोरातच्या स्पीडची कापलेली वायर मीच जोडून दिली. प्रॅक्टिसमध्ये असा सुटायचा की मुख्याध्यापकांनी पाय वर घेतले होते. यंदा कप आपलाच, मी स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं होतं.

शिट्टी वाजली. शबानाने स्पीडचं बटण 'हळू'वर टाकलं.

बाकीचे रोबोट पुढे निघून गेले. आमचा रमतगमत चाललेला. पंच वाकून म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं!" मी दोरीबाहेरून ओरडलो, "शबाना, जोरात टाक! जोरात!" अनिकेत माझ्या शेजारीच उभा होता. तो ओरडला नाही.

वळण आलं. शबाना थांबली, मागच्या मोकळ्या जमिनीकडे तिने बघितलं. थोडा वेळ वाट पाहिली, मग रोबोट वळवला.

"अगं जोरात!"

"नको ना सर," ती म्हणाली. "उजी मागे राहील."