तिसऱ्या फर्म्यातला वीर

आईला जगातले झाडून सगळे वीर ठाऊक होते, पण पान तेहेतीसपासून पान अठ्ठेचाळीसपर्यंतच. त्याआधी त्यांनी काय दिवे लावले आणि पुढे त्यांचं काय झालं, हे तिला कधी कळलं नाही. दोष तिचा नव्हता. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला होती. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून यायची, त्याला फर्मा म्हणायचे. लांबलचक टेबलाभोवती बायका बसायच्या आणि गठ्ठ्यांची सरमिसळ नको म्हणून प्रत्येकीला एकेका नंबरचा फर्मा नेमून दिलेला असायचा. आईच्या वाट्याला तिसरा आला होता. पुस्तक कुठलंही असो, आईचा आपला तिसरा.

त्या काळात देशोदेशीच्या वीरकथांची एक मालाच निघत होती. बर्फातले वीर, वाळवंटातले वीर, बेटांवरचे वीर. तिसऱ्या फर्म्यात ते बहुतेक नुकतेच घराबाहेर पडलेले असायचे. कुणाचं काकाशी वाजलेलं, कुणाला नवी तलवार मिळालेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी वाक्य मधेच तुटायचं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. आईने त्या सगळ्यांचा मिळून एकच वीर केला, त्याला 'आमचा गडी' म्हणायला लागली आणि टेबलावर रोज त्याची गोष्ट सांगू लागली. गडी बर्फातल्या वीरासारखा उंच होता, त्याचा घोडा वाळवंटातला होता आणि हसायचा मात्र तो रेडिओवरच्या मालिकेतल्या राजासारखा. रविवारी आई सिनेमा बघून आली की सोमवारी गड्याला तलवारीचे नवे हात यायचे. त्याची आई दोनदा वारली, पण बायकांनी तेवढं चालवून घेतलं.

गोष्ट सांगताना आईचा हात मंदावायचा. म्हणून टेबलावर एक रिवाजच पडला होता. आई बोलायला लागली की प्रत्येकीने तिच्या गठ्ठ्यातले थोडे कागद स्वतःकडे ओढायचे आणि आपल्या कामाबरोबर तेही उरकायचे. मालकाला हे माहीत होतं. संध्याकाळी काम पुरं झालेलं दिसलं की तो काणाडोळा करायचा.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्याच खोलीत खिडकीशी शिलाईला बसायची. घड्या घातलेले फर्मे क्रमाने लावून ती दोऱ्याने शिवायची. तिला वाचायचा कंटाळा आहे असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि ती बोटच परत आली नाही. कंपनीने तो बेपत्ता असल्याचं कळवलं आणि हात झटकले. आत्या आमच्याकडे राहायला आली. दोघी एकदमच कामावरून यायच्या, पण आई आल्या आल्या आडवी व्हायची. आमच्या वेण्या, आमचा अभ्यास, आमची आजारपणं सगळं आत्याच्या गळ्यात.

शेजारच्या छापखान्यात एक कंपोझिटर होता. छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून बोटं काळी पडलेला, अबोल, भला माणूस. छापलेले गठ्ठे पोहोचवणं हे त्याचं काम नव्हतं, तरी गठ्ठा घेऊन यायचा तोच, आणि नेमका खिडकीच्या बाजूला ठेवायचा. टेबलावरच्या बायकांना काय ते केव्हाच कळून चुकलं होतं. शेवटी त्याने आईला गाठलं.

"मी त्यांना नीट सांभाळीन," तो म्हणाला. "पण जबरदस्ती नको. नाही म्हणाल्या तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

हे म्हणताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता, असं आई सांगायची.

त्या आठवड्यात आलेल्या पुस्तकामुळे आईचा गडी दर्यावर्दी झाला होता. त्याचं जहाज बर्फात अडकलेलं, सोबतची माणसं एकेक करून गेलेली, आणि तिकडे घरी बायको दाराला कडी लावायला तयार नाही. दुपारच्या चहाला आईने आत्याच्या कानावर कंपोझिटरचा निरोप घातला. आत्या बराच वेळ दोऱ्याला मेण लावत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, तो दर्यावर्दी शेवटी घरी येतो का गं? तेवढं सांग, मग त्यांना काय ते कळवते."

टेबलावरचे सगळे हात थांबले. प्रश्न पुस्तकातल्या माणसाचा नाही, हे न कळण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. आईला शेवट माहीत नव्हता. शेवटचा फर्मा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडला होता, उठून बघितला असता तर कळलं असतं. पण सगळ्या जणी आपल्या तोंडाकडे बघत असताना उठून शेवट शोधायचा, हे आईच्या मानी स्वभावात बसणारं नव्हतं.

"येतो," आई म्हणाली. "येणार नाही तर जाईल कुठे? केस पिकतात, दात पडतात, पण येतो. बायको दारातच उभी असते."

हा शेवट तिने एका सिनेमातून उचलला होता. दोघीतिघींनी डोळे पुसले. आत्या "बरं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. त्याच संध्याकाळी तिने नकार कळवला. काही महिन्यांनी कंपोझिटर दुसऱ्या गावच्या छापखान्यात गेला. तिकडेच त्याचं लग्न झालं, असं कानावर आलं.

आत्या आमच्याकडेच राहिली. आम्ही शिकलो, आमची लग्नं झाली. खलाशी काही आला नाही.

पुष्कळ वर्षांनी त्या दर्यावर्द्याच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. शेवटच्या फर्म्यावरची बाई आजारी होती म्हणून मालकाने आईला तिच्या जागी बसवलं, आणि आईला शेवट वाचायला मिळाला. दर्यावर्दी बर्फातच मरत होता, तेही पराक्रम करून नाही, भुकेने. त्याची बायको दोन हिवाळे वाट बघते आणि मग शेजारच्या बेटावरच्या एका सुताराशी लग्न करते. तिला मुलं होतात. पहिल्या नवऱ्याची गाथा ती या मुलांना सांगते आणि सुतार शेजारी बसून ऐकतो. आईने त्या दिवशी अख्ख्या गठ्ठ्याला उलट्या घड्या घातल्या. मालकाने चार शब्द सुनावले, ते तिला ऐकूही गेले नाहीत. त्यानंतर टेबलावर गोष्ट झाली नाही. बायकांनी आग्रह केला की आई घसा बसल्याचं सांगायची. कारखाना सोडेपर्यंत तो घसा बसलेलाच होता.

हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला नाही नाही ते बोलले. एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि तू सिनेमा सांगत बसलीस, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं.

"ती गेली असती तर तुम्हाला कोण बघणार होतं?" ती म्हणाली. "तेही आलं असेल मनात. नव्हतं आलं, असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत."

त्या वेण्या माझ्याच होत्या.

गेल्या वर्षी एका दुपारी आईने धीर केला. आत्या पलंगावर पाय पसरून बसली होती, मी खाली मटार सोलत होते.

"तो दर्यावर्दी परत आला नव्हता गं," आई एकदम म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं."

"माहितेय मला."

"कधी कळलं?"

"तुला विचारलं त्याच्या आधी. अगं, सगळे फर्मे शेवटी शिवायला माझ्याकडेच यायचे की. तू सांगायला लागलीस की मी पुढचं वाचून टाकायची."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू 'नाही येत' म्हणाली असतीस, तर चारचौघींदेखत मोकळी झाले असते."

"मग तेव्हाच बोलायचंस. चुकतेस म्हणायचंस मला."

"घरात मोठी तू," आत्या म्हणाली. "तू 'तो येतो' म्हटल्यावर मी 'जाते' कसं म्हणणार होते?"

ती चिडून म्हणाली असती तर आईला सोसलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. जरा वाकून तिने माझ्या पुढ्यातल्या थोड्या शेंगा ओंजळीत घेतल्या आणि सोलायला लागली. आई तिच्या हातावर हात ठेवायला पुढे झाली, पण आत्याचे दोन्ही हात कामात होते.